बाबांच्या धुक्यावर शिक्का

शांघाय

प्रिय ताई,

सुखरूप पोचले, खोकलाही बराच कमी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

आपण छ्यूसाहेबांना दिलेलं बाबांचं डोंगरांचं चित्र पाहिलं. त्या शहाण्याने त्यावर मालक म्हणून आपल्या नावाचा लाल शिक्का मारलाय. कोपऱ्यात नव्हे, दोन डोंगरांमधल्या धुक्यात, चांगला तळहाताएवढा!

"बाई, तिथे कागद कोराच होता, वाया जात होता," म्हणतो.

तेवढं धुकं कोरं राखताना बाबा श्वास रोखायचे, आणि दाराशी आपण दोघीही.

वर विचारतो, "जोडीचं चित्र कधी देताय?"

म्हटलं, "त्यात तर धुकंच धुकं आहे. तुमचे शिक्के पुरायचे नाहीत."

माठ खूश होऊन हसला!

त्याचा माणूस ते चित्र न्यायला घरी आलाच तर चहा पाज आणि रिकाम्या हाताने परत पाठव.

आईला जप.

तुझी धाकटी,
वेनछिंग