भोपळ्याचं इंजेक्शन आणि माझा हलका हात

३ मार्च
भोपळ्याला शुगर निघाली. भोपळ्या म्हणजे आमचा बोका. घरात गोडाला तोंड न लावणारा तो एकटाच, आणि शुगर त्यालाच! महिनाभर बादलीत तोंड घालून पाणी पीत होता. मी हिला म्हणालो होतो, उन्हाळा आहे, पिऊ दे.
डॉक्टरबाईंनी इन्सुलिनचं इंजेक्शन कसं द्यायचं ते दाखवलं. सकाळ-संध्याकाळ, खाणं झालं की मानेमागची कातडी चिमटीत उचलून. ही म्हणाली, मी देईन. मी म्हटलं, नाजूक काम आहे. जन्मभर कंपनीत नव्या पोरांना ट्रेनिंग दिलं ते काय उगाच? डॉक्टरबाईंनी 'जमेल ना, काका?' असं दोनदा विचारलं. तरुण आहेत. माणसं ओळखायला वेळ लागतो.

४ मार्च, सकाळी ७
पहिलं इंजेक्शन. फत्ते! भोपळ्याने रिकाम्या वाटीतून मान वर काढली नाही. त्याला कळलंच नाही. हात हलका असावा लागतो.
ही दारात उभी राहून 'सावकाश, सावकाश' करत होती. दार लावून घेतलं. म्हटलं, या कामाला एकाग्रता लागते.
त्याची मान नंतर जरा ओली लागली. पुन्हा बादलीत घुसला असणार.

७ मार्च
मुलीचा फोन. तिला माझी पद्धत समजावून सांगितली. तर विचारते, बाबा, औषध आत जातं ना? आता यावर काय बोलायचं? सुई आत गेल्यावर औषध काय बाहेर ताटकळणार? आईवर गेलीय.
संकल्प: या विषयावर छोटी पुस्तिका लिहायची. नाव 'वेदनेविना'.

११ मार्च
शुगर तसूभरही उतरलेली नाही. डॉक्टरबाईंनी डोस वाढवला. औषधातच दम नाही, असं माझं मत. त्यांना तसं सुचवलं. त्या म्हणाल्या, काका, एकदा माझ्यासमोर देऊन दाखवाल का? म्हटलं, जरूर, पण आज नको, आज त्याचा मूड नाही.
खोलीत दवाखान्यासारखा वास येतो. हिला म्हटलं, फिनेल जरा कमी टाक. म्हणाली, टाकतच नाही. कबूल करणं हिच्या स्वभावातच नाही.

१५ मार्च
डोस आणखी वाढला. भोपळ्या वाळत चाललाय. पूर्वी एका उडीत माझ्या आरामखुर्चीवर चढायचा आणि मला उठवून लावायचा. आता खुर्चीखाली बसून नुसता वर बघतो. मीच उचलून ठेवतो. उचलताना हाताला वजनच लागत नाही. फार वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही.
पुस्तिका: प्रस्तावना पूर्ण.

१८ मार्च
उद्या जुन्या कंपनीत माझं व्याख्यान. विषय: 'काम झालं याची खात्री कशी करावी?' पहाटेच निघायचंय, म्हणजे सकाळचं इंजेक्शन हिच्या हातात. तिला सविस्तर सूचना दिल्या. ऐकता ऐकता भाजी निवडत होती. भोपळ्याची काळजी वाटते.

१९ मार्च, दुपारी
व्याख्यान रंगात आलं आणि हिचा फोन आला. भोपळ्या झिंगल्यासारखा चालतोय, मान टाकतोय. तसाच पळालो, चष्मा तिथेच राहिला. घरी पोचलो तर ही त्याला मांडीवर घेऊन हिरड्यांना मध चोळतेय. डॉक्टरबाईंनी फोनवर तसं सांगितलं होतं. तोंडाने एकच, डोळे उघड रे राजा. मलाही रडू फुटलं.
रडता रडता विचारलं, किती दिलंस? म्हणाली, तुम्ही देता तेवढंच. टोचल्यावर ओरडला का? हो, ओरडला. मी म्हटलं, बघ! माझ्या हातून कधी ओरडला नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मध आणायला उठलो. मध तिच्या हातातच होता.
बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. देव पावला.

२० मार्च
दवाखान्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, आता दाखवाच. सिरिंजमध्ये नुसतं सलाईन भरून दिलं. चिमूट धरली, सुई घातली, दट्ट्या दाबला. भोपळ्या ढिम्म! मी ऐटीत वर पाहिलं. डॉक्टरबाई भोपळ्याला धरलेल्या स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. हात ओला झाला होता. सुई या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर.
म्हणजे इतके दिवस औषध बोक्याला नाही, त्याच्या केसांना मिळत होतं; खोलीतला वासही त्याचाच. फरक पडेना म्हणून डोस वाढत गेला, आणि तो वाढलेला डोस काल हिने दिला तेव्हा पहिल्यांदाच आत गेला आणि शुगर एकदम खाली आली. थोडक्यात वाचला, म्हणाल्या. हिने माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं.
मात्र माझ्या कामातलं सातत्य कुणाच्याच लक्षात आलं नाही.

२८ मार्च
डोस पुन्हा पहिल्याइतका. शुगर उतरतेय. इंजेक्शन ही देते. दार लावून घेते. म्हणते, एकाग्रता लागते. आतून भोपळ्या ओरडला की बाहेर मला कळतं, गेलं आत. वाटी विसळायचं काम माझ्याकडे आहे.
पुस्तिका पुन्हा हातात घ्यावी म्हणतो. नाव बदलावं का, हिला विचारलं. तिने 'औषधाविना' सुचवलं.
आज संध्याकाळी मी खुर्चीत बसलो असताना भोपळ्या आपणहून उडी मारून वर आला. पूर्वीसारखंच ढकललं मला. लगेच उठलो. हे जमिनीवर बसून लिहितोय. पाठीला रग लागलीय. तक्रार नाही.