पातळी तीन पॉइंट एक

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायला नाही. पुढेमागे कोणी विचारलं की ही सिस्टीम कशी उभी राहिली, तर निदान मला तरी आठवायला हवं.

काम असं. नदीकाठी पंपहाऊस. तिथून अकरा किलोमीटरवर, टेकडीवर पाण्याची टाकी. टाकी भरत आली की पंप बंद करायचा, उतरली की चालू. गेली एकतीस वर्षं हे एक माणूस घड्याळाकडे बघून करतो. आता नेटवर्कवरून होणार. टाकीवरचं यंत्र दर सेकंदाला पातळी कळवणार, पंपहाऊसमधला कंट्रोलर निर्णय घेणार, पंप ऐकणार. निरोप पोचायला दोनशे मिलीसेकंद. आमच्या घरात चहा मागितल्याचा निरोप स्वयंपाकघरात पोचायला याहून जास्त वेळ लागतो.

बावीस तारखेला मोठ्या साहेबांसमोर डेमो. एकतीसला पंपवाले काका रिटायर. सगळं कसं जुळून आलंय.

बाबांना जाऊन आज तीन आठवडे. काही वाटलं नाही. म्हणजे सावरलो. लोकांना वर्ष वर्ष लागतं.

मंगळवार, ५ मार्च

पंपहाऊसला जाऊन काकांना सिस्टीम समजावून सांगितली. सोप्या भाषेत, माणूस साधा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, निरोप वाटेत रखडला तर? म्हटलं, दोन सेकंदांपेक्षा शिळा निरोप कंट्रोलर घेतच नाही. फेकून देतो. म्हणाले, मग पंपाला काय सांगतो? म्हटलं, आधीचा ताजा आकडा धरून चालतो. म्हणाले, आणि ताजं काही आलंच नाही तर? म्हटलं, त्यासाठी वॉचडॉग आहे. पाच सेकंद वाट बघतो आणि पंप थांबवतो.

काका म्हणाले, तो कुत्रा तेवढा राहू द्या, साहेब.

वॉचडॉग म्हणजे खरंच कुत्रा समजले असावेत. चालायचंच.

गुरुवार, ७ मार्च. रात्री ९

पहिली चाचणी. पंप चालू झाला. बंद झाला. चालू झाला. तासाभरात चौदा वेळा. दर वेळी वॉचडॉग.

कारण सापडलं. टाकीजवळ उंच झाडांची रांग आहे. वारा आला की फांद्या अँटेनाच्या आड येतात आणि निरोप अडकतो. म्हणजे दोष सिस्टीमचा नाही, झाडांचा आहे. बागखात्याला पत्र टाकलं.

काका म्हणत होते, असं चालू-बंद केलं तर मोटर जळेल. हे मला ठाऊक होतं. मी मुद्दामच ताण देऊन बघत होतो.

घरी आलो तर ही केसांना शाम्पू लावून सकाळी तासभर नळाखाली बसली होती, असं कळलं. आमच्या गल्लीचं पाणी थेट पंपाच्या लाइनवरून, ते येत होतं, जात होतं. कोण गाढव बसवलंय तिथे, म्हणाली. म्हटलं, चौकशी करतो.

रविवार, १० मार्च

ताईचा फोन. बाबांची खोली आवरायची आहे, एकटीच्याने होत नाही, म्हणाली. कपाट उघडलं की तिचा हात चालत नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. मला अशा गोष्टींचा त्रास होत नाही, मी तासाभरात उरकून टाकीन. तिने फोन ठेवला. मला वाटलं लाइन गेली.

भूक बेताची. झोप चार तास. बाकी तब्येत उत्तम.

बुधवार, १३ मार्च

बागखात्याचं उत्तर आलं. झाडं त्यांच्या यादीत नाहीत. नेटवर्कवाल्यांचं उत्तर आलं. नेटवर्क ठीक आहे. म्हणजे कुणाचंच काही चुकलेलं नाही. पंप मात्र आज नऊ वेळा थांबला.

वॉचडॉगला पाचाऐवजी तीस सेकंद वाट बघायला लावली. सहा वेळा थांबला. याला मी तेहतीस टक्के सुधारणा म्हणतो.

शुक्रवार, १५ मार्च

मोठ्या साहेबांनी जिन्यात विचारलं, कितपत आलंय? म्हटलं, नव्वद टक्के. खरंच आहे. स्क्रीन झाली, रंग झाले, आलेख झाले. राहिलाय फक्त पंप.

साहेब म्हणाले, वडील गेले ना तुमचे? रजा हवी तर घ्या. म्हटलं, गरज नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. किती वेळ ठेवणार ते कळेना, म्हणून मी एक पायरी खाली उतरलो.

रविवार, १७ मार्च

ताईकडे जायचं होतं. शर्टसुद्धा इस्त्री केला. मग लक्षात आलं की टाकीवरच्या यंत्राचं घड्याळ आणि इकडचं घड्याळ जुळवायचं राहिलंय. प्रत्येक निरोपावर तिकडची वेळ असते, त्यावरूनच तो शिळा की ताजा हे ठरतं. हे महत्त्वाचं काम. ताईला मेसेज केला. दिवसभर घरीच बसून त्यावर विचार केला. ही म्हणाली, जाऊन तरी ये. इस्त्री फुकट गेली, बाकी काही नाही.

सोमवार, १८ मार्च. सकाळी १०.२०

टाकीवर जाऊन घड्याळ जुळवलं. सेकंदाला सेकंद. तिकडचं घड्याळ रोज जेमतेम अर्धा सेकंद मागे पडतं असं दिसलं. ते आपोआप जुळत राहील अशी सोय करता येते, पण त्यासाठी एक दिवस लागेल. अर्धा सेकंद म्हणजे काही नाही. डेमोनंतर बघू.

गुरुवार, २१ मार्च. संध्याकाळी ६

रंगीत तालीम. वारा होता. पंप तीन वेळा थांबला. साहेबांसमोर असं झालं तर लोकांना काय वाटेल, याचा शांतपणे विचार केला आणि वॉचडॉग बंद करून टाकला. फक्त उद्यापुरता.

पुन्हा चाचणी घेतली. पंप एकदाही थांबला नाही. दोन आठवडे जे जमत नव्हतं ते एका क्लिकमध्ये जमलं. कधी कधी उपाय इतका साधा असतो.

काकांनी विचारलं, कुत्रा बांधलात का? हो म्हटलं. ते पंपाजवळ जाऊन उभे राहिले. एरवी मला फाटकापर्यंत सोडायला येतात.

शुक्रवार, २२ मार्च. दुपारी २

डेमोच्या वेळी केलेल्या नोंदी इथे जशाच्या तशा उतरवतो.

१०.०५. मोठे साहेब आले, सोबत समितीचे दोघं. खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. काका दाराशी उभे.

१०.१५. स्क्रीनवरून पंप चालू केला. समितीतल्या एकाने टाळी वाजवली.

१०.२०. पातळी ३.१ मीटर. ४ मीटरला पंप आपोआप बंद होणार.

१०.३०. ३.१.

१०.४०. ३.१. रेघ अगदी सरळ. यालाच स्थैर्य म्हणतात, असं मी सांगितलं. एक सभासद लिहून घेत होते.

१०.५०. ३.१. साहेबांनी विचारलं, पंप चालू आहे तर पातळी वाढायला नको का? म्हटलं, सर, जेवढं येतंय तेवढंच लोक वापरतायत, सकाळची वेळ आहे. उत्तर मला स्वतःलाच फार आवडलं.

११.०२. काकांचा मोबाइल वाजला. डेमो चालू असताना फोन घेऊ नये हे त्यांना सांगायला हवं होतं.

नोंदी इथे संपतात. फोन काकूंचा होता. काकांचं क्वार्टर टेकडीच्या पायथ्याशी, टाकीच्या बरोबर खाली. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन महिन्यापूर्वीच झालंय. काका म्हणाले, साहेब, टाकी वाहतेय, घरात पाणी शिरलंय. म्हटलं, शक्य नाही, स्क्रीन बघा, तीन पॉइंट एक. म्हणाले, तुमची स्क्रीन काय म्हणते ते राहू द्या, माझी बायको काय म्हणतेय ते ऐका. आणि फोन माझ्या कानाला लावला. काकू काही बोलत नव्हत्या. नुसता पाण्याचा आवाज येत होता आणि लांबून कोणीतरी हाक मारत होतं.

मी म्हटलं, एकदा यंत्राकडून खात्री करून घेऊ.

काकांनी मला बाजूला केलं. ढकललं नाही, दारातली खुर्ची बाजूला करतात तसं केलं, आणि पंपाचा खटका खाली ओढला. मग स्कूटर काढून गेले.

स्क्रीनवर अजून ३.१ होतं. आताही असेल.

शनिवार, २३ मार्च

कारण सापडलं. रोज अर्धा सेकंद, असे चार दिवस. शिवाय वाटेतला वेळ. दहा वाजून वीस मिनिटांनी टाकीचा प्रत्येक निरोप दोन सेकंद शिळा ठरला. कंट्रोलर सगळे फेकत बसला आणि हातातला शेवटचा आकडा धरून राहिला. टाकी दर सेकंदाला खरं सांगत होती.

अहवालात लिहिलं: 'सिस्टीमने एकही शिळा निरोप स्वीकारला नाही.' हे कौतुकाने वाचलं जाईल की कसं, सांगता येत नाही.

दुपारी काकांकडे गेलो. गाद्या कुंपणावर वाळत घातलेल्या. शिलाई मशीन उलटं करून उन्हात ठेवलं होतं. काकू त्यावर शेजारपाजारचे ब्लाउज शिवतात. शेजारच्यांनी त्यांना उचलून जेवायच्या टेबलावर बसवलं होतं, तासभर तिथेच होत्या. वर बसून खाली आपल्या चपला तरंगताना बघत होते, म्हणाल्या. आणि हसल्या. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार होतं. त्याऐवजी घड्याळाचं सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, तुमचे वडील गेले ना? हे सांगत होते. काय झालं होतं हो त्यांना?

म्हटलं, हृदय. मी टाकीवर होतो, केबल टाकत होतो. ताईचे पाच फोन येऊन गेले होते. सहावा घेतला.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगूनही काही वाटलं नाही. चहा चांगला होता, थोडा गोड.

रविवार, २४ मार्च

ताईकडे गेलो. न कळवता. खोली आवरून झाली होती. गुरुवारी एकटीनेच केलं, म्हणाली. कपडे देऊन टाकले, पुस्तकं वाचनालयात. म्हणाली, तुझ्यासाठी काय ठेवू हे विचारायला फोन केला होता, तू उचलला नाहीस. गुरुवारी मी तालमीत होतो. म्हटलं, काही नको होतं. म्हणाली, तेच समजून मी काही ठेवलं नाही.

खोलीत उभा राहिलो. दहा बाय बारा. अँटेना लावायची झाली तर पूर्वेची खिडकी चांगली.

ताईने जेवायला वाढलं. समोर बसून माझ्या ताटाकडे बघत राहिली. मी सगळं संपवलं.

बुधवार, २७ मार्च

मोठ्या साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. सिस्टीम राहील, पण फक्त बघण्यापुरती. पंपाला ती हात लावणार नाही. काकांना विनंती करून आणखी सहा महिने थांबवलंय. मात्र आकड्यावर आता कोणाचा भरवसा नाही, म्हणून ती दुरुस्त होईपर्यंत टाकीवर एक माणूस हवा, जो डोळ्यांनी पातळी बघून काकांना फोन करील.

मी म्हटलं, योग्य निर्णय. तो माणूस जबाबदार हवा.

साहेब म्हणाले, तुम्हीच.

हिला सांगितलं की मला साइटवर नेमलंय. प्रत्यक्ष फील्डचा अनुभव अशा कामात फार मोलाचा असतो. ही म्हणाली, डबा लागेल ना मग? बाकी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझी उत्तरं तयार होती.

सोमवार, १ एप्रिल. टाकीवरून

पहिला दिवस. टाकीला लागून पत्र्याची खोली, एक खुर्ची, एक टेबल. भिंतीवर मीटरच्या खुणा रंगवल्या आहेत, झाकण उघडून वाकून बघायच्या. दर अर्ध्या तासाला. यातही सुधारणेला वाव आहे. झाकणाला बिजागरी हवी. आठवडाभरात सविस्तर प्रस्ताव देईन.

९.३०. ०.५ मीटर. काकांना फोन केला. बरं, म्हणाले.

१०.००. १.३. बरं.

१०.३०. २.१. बरं.

११.००. २.९. आकडा सांगून झाला तरी काकांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. काकूंचं मशीन चालू झालं का, असं विचारायचं होतं. काका म्हणाले, डबा आणलाय ना, साहेब? हो म्हटलं. मग त्यांनी ठेवला.

११.३०.

१२.००.

१२.५०. काकांचा फोन. पंप कधीच बंद केलाय, म्हणाले, काळजी करू नका, झोपा अजून थोडं.

झोपलो नव्हतो. डोळे मिटून बिजागरीचा विचार करत होतो.