प्रतिवादी क्रमांक चार, म्हणजे मामा

बोरमळा, ता. शिरूर
रविवार

तीर्थरूप म्हस्कूमामांस,

मल्हारीचा साष्टांग नमस्कार. इकडे माणसं आणि जनावरं सुखरूप आहेत. तिकडे तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि हर्षदाची परीक्षा या तिन्ही गोष्टी ठीक असाव्यात अशी आशा करतो. (आशाच करतो, कारण खात्री करायला फोन लावला की मामी उचलतात आणि "आत्ताच मेंढरांकडं गेलं" म्हणून सांगतात. परवा मामी हे सांगत असताना मागून खोकला ऐकू आला. मेंढरू तसं खोकत नाही.) म्हणून शेवटी पत्र. तुम्ही खताच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचता, तेव्हा भाच्याचं पत्र अर्ध्यावर टाकणार नाही अशी खात्री आहे.

आधी त्या उन्हाळ्यात आलेल्या नोटिशीबद्दल. मुंबईच्या हायकोर्टाचा कागद, वर माझं नाव, खाली तुमचं, आणि मध्ये 'विरुद्ध'. ते वाचून तुम्हाला काय वाटलं असेल याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. डायरीत त्याची बरीच पानं भरली. तो शब्द मी टाइप केलेला नाही. पण खाली सही माझी आहे, त्यामुळे 'मी टाइप केला नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत, हेही मला कळतं. तेव्हा झालं कसं, ते सगळं सांगतो. तुम्ही माझी बाजू ऐकलेली नाही, आणि हल्ली न ऐकून घेण्याचे परिणाम मला चांगले माहीत झाले आहेत.

आमच्याकडचा जनावरांचा दवाखाना उचलून नदीपलीकडे तुमच्या निंबमळ्याला न्यावा, असा सरकारी आदेश आला. कारण एवढंच लिहिलेलं, 'प्रशासकीय सोयीसाठी'. कुणाची सोय, ते नाही. तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी आमची गाय अडली होती. डॉक्टर दवाखान्यातून तसेच पायी आले, बाह्या सारून गोठ्यात बसले आणि वासराचा मुडपलेला पाय सरळ करून त्याला बाहेर काढलं. दवाखाना पलीकडे गेला तर डॉक्टरांना पुलाला वळसा घालून यावं लागणार, आणि अडलेली गाय वळसा संपेपर्यंत थांबत नाही. एवढंच माझं म्हणणं. पण गावाने ते हायकोर्टात मांडायचं ठरवलं. सरपंच सोपानराव म्हणाले, मी मनाने तुमच्याबरोबर, सही मात्र मागू नका, पक्षाची अडचण आहे. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदवीधर, शिवाय रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीत. माल तपासून नापास करणं हे माझं पोटापाण्याचं काम. सरकारचा आदेश नापास करणंही त्यातच बसतं, असा गावाचा समज झाला.

वकील मिळाल्या त्या राजश्रीताई. माहेर शिरूरचं, आणि मुंबईला सरकारी निर्णयांविरुद्धचीच कामं चालवतात. (गावातली म्हातारी माणसं त्यांना बॅरिस्टरीणबाई म्हणतात. आता आपल्याकडे बॅरिस्टर होत नाहीत, हे मी एका आबांना समजावलं. ते म्हणाले, "काळा डगला घालत्यात न्हवं? मंग झालं की.") त्यांनी याचिका लिहून पाठवली आणि ती सत्य असल्याचं प्रतिज्ञापत्र मी करायचं होतं. आता सत्य म्हटल्यावर वाचणं आलं. पहिल्याच पानावर 'हा दवाखाना अनादी काळापासून' असं होतं. मी फोन करून सांगितलं, मी चौथीत असताना त्याचं उद्घाटन झालं, पेढा मी स्वतः खाल्लाय. पुढे 'हजारो जनावरे' होती. मी घरोघर फिरून मोजली. शेळ्या धरल्या तर जेमतेम जमतं, कोंबड्या धरायच्या का ते कुणी सांगेना. पुढे 'अन्य कोणतीही सोय नाही'. मी म्हटलं, गुरुवारी मोटरसायकलवरून एक खाजगी डॉक्टर येतो, महाग आहे, पण येतो. त्यावर ताई म्हणाल्या, "मल्हारीभाऊ, तुम्ही नक्की कुणाकडून आहात?" प्रश्न योग्य होता, म्हणून मी तो डायरीत उतरवून घेतला.

आणि मग त्यांनी सांगितलं की निंबमळा ग्रामपंचायतीलाही प्रतिवादी करावं लागेल. ज्या गावाला दवाखाना मिळणार, त्याला न कळवता त्याच्या पुढ्यातलं ताट ओढता येत नाही. हे मला पूर्ण पटलं. पटून झाल्यावर मी विचारलं, ग्रामपंचायतीतर्फे नाव कुणाचं घालायचं? सरपंचाचं. मी म्हटलं, ते माझे सख्खे मामा आहेत. ताई म्हणाल्या, "कायद्यात मामा नसतो." मग मीच फोनवर तुमचं पूर्ण नाव सांगितलं, आणि तुम्ही प्रतिवादी क्रमांक चार झालात.

कोर्टात काय झालं, तेही तुमच्या कानावर अर्धंमुर्धंच आलं असेल. पहिल्या खेपेला आम्ही जीप करून मुंबईला गेलो आणि आमचा नंबर लागायच्या आत कोर्ट उठलं. (येताना सगळ्यांना समुद्र दाखवला, म्हणून गाव नाराज नव्हतं.) दुसऱ्या खेपेला नंबर लागला, आणि कपातला चहा निवायला लागतो त्याहून कमी वेळात प्रकरण आटोपलं. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना एवढंच विचारलं, की ठरवण्याआधी या दोन गावांपैकी कुणाला विचारलं होतं का? त्यांनी फाइलची पानं पुढे उलटली, मग मागे उलटली. आदेश रद्द झाला. दोन्ही गावांचं म्हणणं ऐकून आठ आठवड्यांत नव्याने ठरवा, कारणं लिहा, तोवर दवाखाना हलवू नका, असा निकाल मिळाला.

त्या संध्याकाळी आमच्या गावाने मिरवणूक काढली. सोपानराव पुढे फेटा बांधून. मी टेम्पोवर चढून सांगत होतो की बाबांनो, दवाखाना आपला असं कोर्टाने म्हटलेलं नाही. दवाखाना कुठे असावा हे कोर्ट बघतच नाही, तो ठरवताना नीट विचारलं का, तेवढंच बघतं. आपण जिंकलो ते फक्त... इथे कुणीतरी मूठभर गुलाल उधळला आणि तो माझ्या तोंडात गेला, त्यामुळे आपण काय जिंकलो ते गावाला अजूनही माहीत नाही. दवाखान्यातला लसींचा फ्रीज मात्र हलवण्यासाठी दोरखंडाने बांधून ठेवलेला तसाच आहे. डॉक्टर लस काढायला गाठ सोडतात आणि पुन्हा बांधतात. विचारलं तर म्हणतात, निर्णय प्रलंबित आहे.

मग पुण्याला, नव्याने ठरवायचं ज्यांच्याकडे आलं त्या पशुसंवर्धन खात्याच्या साहेबांपुढे सुनावणी झाली. मामा, साहेब भला माणूस वाटला. आम्हाला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, स्वतः लिहून घेतलं. मग म्हणाले, निंबमळा? कुणी उठेना. शिपायाने बाहेर जाऊन हाक मारली. तुमच्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामीच. साहेबांनी सगळ्यांनाच विचारलं, पलीकडे मेंढ्या किती आहेत, कुणाला माहीत आहे का? मला माहीत होतं. पावसाळ्यात तुमची कोकरं पटापट गेली आणि डॉक्टर पोचेपर्यंत पुरायचीच वेळ आली, हेही माहीत होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. (ताईंची चप्पल टाचेची आहे.) मी तोंड मिटलं. ते बरोबर केलं का, हे अजून ठरलेलं नाही.

तुम्ही का आला नाहीत, ते मला दौंडच्या बाजारात कळलं. तुम्ही चावडीवर म्हणालात म्हणे, "लग्नात भाच्याच्या पाठीशी हुबा ऱ्हायलो. आता सायबापुढं त्येच्या तोंडासमूर कसा हुबा ऱ्हाऊ? आपल्याला न्हाई जमायचं." ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राजश्रीताईंना सांगितलं तेव्हा त्यांच्याही आलं, पण त्यांचं कारण वेगळं असावं.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, हर्षदाला आशीर्वाद.

आपला भाचा (आणि नाइलाजाने अर्जदार),
मल्हारी

ता. क. पुढची सुनावणी मंगळवारी आहे. मामा, हात जोडून विनंती, त्या दिवशी या आणि माझ्या विरुद्ध बोला. चांगलं जोरात बोला. साहेब म्हणाले, दुसऱ्या गावाचं ऐकल्याशिवाय मी निर्णय दिला, की ते गाव 'आमचं ऐकलंच नाही' म्हणून उद्या कोर्टात जाणार, आणि मी पुन्हा तिथेच. तुम्ही माझ्यावर माया करून घरी बसलात तर आठ आठवडे सरतील, साहेबांची बदली ठरलेलीच आहे, आणि नवे साहेब पहिल्या पानापासून सुरुवात करतील. तुमची माया सध्या दोन्ही गावांना महाग पडते आहे.

आणखी एक ता. क. काय बोलावं अशी अडचण असेल, तर तुमच्या बाजूचे मुद्दे मी लिहून सोबत जोडले आहेत. मेंढ्यांचा आकडा, कोकरांचं प्रकरण, तुमच्या काठाला एकही दवाखाना नाही, सगळं आहे. लिहिताना मी शक्य तितका तुमच्या बाजूने होतो. शेवटचा मुद्दा नीट वाचा. साहेब उठता उठता म्हणाले होते, दोन्ही गावांनी एकाच दिवशी एकाच तोंडाने मागितलं, तर इथला दवाखाना इथेच ठेवून पलीकडे नव्याचा प्रस्ताव वर पाठवता येईल. नक्की म्हणाले नाहीत, 'बघू' म्हणाले. पण सरकारी माणूस स्वतःहून 'बघू' म्हणतो, असं मी प्रथमच ऐकलं. (हे मुद्दे मी लिहिले, हे राजश्रीताईंना सांगू नका.)

शेवटचा ता. क. पाकीट बंद करायच्या आधी आईने दोन्ही बाजूंचे मुद्दे माझ्याकडून वाचून घेतले. तुमचे दोनदा. मग पदर खोचून म्हणाली, "मंगळवारी मी बी येते. पर मी दादाच्या बाजूला बसनार. माहेरचं मानूस एकटं न्हाई बसू द्यायचं." मी सकाळी गाडी घेऊन पुलावरून तुम्हाला न्यायला येतो. म्हणजे पुण्याला जाताना गाडीत प्रतिवादी दोघं आणि अर्जदार मी एकटा असेन. डबा मात्र ती तिघांचा घेणार आहे.