तोंड साहेबाचं, हात माझे

मु. उधवा, ता. तलासरी

तीर्थस्वरूप जानीमामांस,

भाचा सुनिल याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांचा विषय पुढे येणारच आहे, म्हणून ते आधीच जोडून ठेवतो.) इकडे आई बरी आहे, भात घरात आलं, कोंबड्या होत्या तेवढ्याच आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा शेक घेता की नुसतेच मामींवर चिडता? हे फोनवरच विचारलं असतं, पण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन उशीखाली सारता असं कळलं. पत्र उशीखाली सारलं तरी ते वाजत नाही आणि पुसलंही जात नाही, म्हणून पत्र.

तुमचा राग मला कळतो. मी सिनेमात आहे असं मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही साऱ्या पाड्याला सांगितलंत, आणि मोबाइलवर जाहिरात आली तेव्हा माणसं अंगणात बसवून दाखवलीत. त्यात निघाला तपकिरी रंग फासलेला गोरा साहेब. चारचौघांत तुमची फजिती झाली. खोटं बोलणाऱ्याला मुलगी देणार नाही असं म्हणून तुम्ही आता चंद्रिकाचं वापीच्या कंपनीतल्या मुलाशी ठरवायला निघाला आहात, आणि येत्या रविवारी त्याची माणसं बोलणी पक्की करायला येणार आहेत. तेव्हा रविवारच्या आत, घडलं ते सगळं लिहितो. वाचून झाल्यावर काय ते ठरवा.

विलायतेत फार वर्षांपूर्वी एक विनोदी सिनेमा निघाला होता म्हणे. त्यात आपल्याकडच्या शेतकऱ्याचं काम एका गोऱ्याने तोंड रंगवून केलं होतं आणि तिकडचे लोक पोट धरून हसले होते. (कशाला हसले, हे मी दोनदा विचारलं. तो दाराला धडकतो, असं उत्तर मिळालं. दाराला आपला चिमणकाकाही रोज संध्याकाळी धडकतो.) त्याच सिनेमाचा हा नवा अवतार, आणि त्या नटाचाच मुलगा आता बापाचं काम करणार. कंपनीच्या मुंबईच्या जयश्रीमॅडम बिचाऱ्या ओशाळून सांगत होत्या की हल्ली असं करत नाहीत, जग नावं ठेवतं, गावाला वाईट तर वाटणार नाही ना. गावाला काहीच वाटलं नाही. बोहाड्याच्या नाचात मुखवटा ज्या घरचा, सोंग त्याच घरच्याने घ्यायचं. बापाने नाचवलं ते पोरगा नाचवणार. साहेबाच्या घरी शेतकऱ्याच्या सोंगाचा मान आहे, तर त्यात मोडता घालणारे आपण कोण? फक्त काकड्याबाबा म्हणाले की सोंग घेतलं तर पुरतं नाचवावं, मध्येच खुर्चीत बसून कॉफी पिऊ नये. आणि साहेब तर जास्त वेळ खुर्चीतच असायचे.

गेल्या सुगीला मी गेलो होतो त्यांचा टेम्पो चालवायला. पण पहिल्याच दिवशी साहेबांनी विळा असा धरला की त्यांच्या बोटांची काळजी वाटून कंपनीने भात कापायला माझे हात घेतले. रंगवणाऱ्याने माझा हात साहेबांच्या हाताशेजारी धरला आणि रंग जुळत नाही, चुकलाय, असं म्हणाला. मला वाटलं साहेबांचा चुकलाय. त्याने माझे हात रंगवले. म्हणजे मामा, मी जन्मापासून इथला, पण इथला दिसावा म्हणून मला तपकिरी पावडर लावावी लागली. पुढे चिखलात चालायला माझे पाय घेतले, मग ताडावर चढायला पाठ घेतली. शेवटी साहेबांकडे फक्त तोंड राहिलं. जाहिरातीत तेच आलं, यात माझा काय दोष? ती पुन्हा लावा आणि बैल हाकणारा हात नीट बघा. अंगठ्यावरचा व्रण ओळखाल, तो तुमच्याच कोयत्याचा आहे.

आता लग्नाच्या प्रसंगाकडे येतो. सिनेमातल्या शेतकऱ्याचं लग्न लागतं आणि तो मांडवात पडतो, असा विनोद होता. नायिकाही विलायतेचीच, तीही रंगवलेली. बायकांनी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला, आणि सगळं खरं दिसावं म्हणून लग्न लावायला आपल्या धवलेरी बायजीला आणलं. पण हळद लावली आणि घोटाळा झाला. हळदीबरोबर तपकिरी रंगही निघाला आणि साहेबांच्या गालावर विलायत दिसायला लागली. मग असं ठरलं की पाठ, खांदे, हात, हळद, सगळं दुसऱ्यांवर घ्यायचं आणि तोंडं नंतर जोडायची. नवऱ्याच्या जागी मी बसलो. नवरीच्या जागी आमच्या गावात भात झोडायला पाहुणी आलेली एक मुलगी बसवली.

बायजीला सांगितलं होतं की दोन ओळी गा, पुरे. ती म्हणाली, "अर्धा लगीन मी नाय लावीत." मग गाण्यात कोणाची नावं घालू, असं तिने विचारलं. जयश्रीमॅडमनी सिनेमातली नावं सांगितली. बायजीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. जे बसले आहेत त्यांनीच आपली नावं सांगावीत, म्हणाली. मी सांगितलं. त्या मुलीनेही सांगितलं. त्यावर बायजीने लग्नाचं सगळं धवलं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलं. कंपनीची माणसं घड्याळं बघत उभी राहिली, पण मधेच तिला गप्प बस म्हणायची छाती कोणाची होईना. नंतर गोऱ्या-गोरीला चौकावर बसवून पुन्हा गा म्हटलं, तर एका चौकावर दोन लग्नं लागत नाहीत, असं सांगून ती घरी गेली.

तेव्हापासून गावात वाद चालू आहे की लग्न कोणाचं लागलं. काही म्हणतात, सोंगाचं लागलं, ते साहेबांनी विलायतेला नेलं. काही म्हणतात, पैसे कंपनीचे, म्हणून लग्नही कंपनीचं. शेवटी बायजीलाच विचारलं. ती भात पाखडत होती. म्हणाली, "हळद लागली त्यांचा लगीन."

मी आपला ऐकून घेतो. थोडं लिहिलं आहे, जास्त रागावू नये. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सुनिल

ता. क. भात झोडायला पाहुणी आलेली मुलगी म्हणजे आपली चंद्रिका. तिला आत्याच्या मदतीला तुम्हीच पाठवलं होतंत. बायजीने नाव विचारलं तेव्हा आधी तुमचं नाव घेऊन मग तिने स्वतःचं सांगितलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. मामा, एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तेव्हा वापीवाल्यांना रविवारी येऊ नका म्हणून कळवावं.

ता. क. २. सिनेमा बघून मग ठरवू असं म्हणाल, म्हणून जयश्रीमॅडमचा कालचा निरोपही लिहून ठेवतो. लग्नाचा प्रसंग काढून टाकला आहे. साहेबांनी तो विलायतेत पुष्कळ लोकांना दाखवला, पण कोणालाच हसू येईना.