सहा प्रती

४ जून, मंगळवार

आपलंच काम एकेचाळीस वर्षांनी बघणं म्हणजे आरशात दुसरंच कुणी दिसणं. दुपारी चारला त्या जुन्या रहस्यमालिकेतला आमचा भाग पुन्हा दाखवला. विधवेला धमकीचं पत्र येतं, ती घाबरून घर लिहून देते, हावरट दीर शेवटी गजाआड. नटी रडते कसली, शिंक अडकल्यासारखं तोंड करते!

पण पत्र! पडदाभर पत्र. अक्षर माझं. स्टुडिओच्या सामान विभागात मी तेव्हा नवी होते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बोटांवर पट्ट्या मारून वळवलेलं अक्षर, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. शिरोरेघ मी अजूनही पट्टीनेच ओढते. ‘ती गोष्ट मला ठाऊक आहे. घरावरचा हक्क सोड. नाहीतर सगळ्यांना कळेल.’ नाव नाही, सही नाही. दिग्दर्शक म्हणाले होते, नाव घातलं की बघणारा सुटतो. प्रत्येकाला वाटलं पाहिजे, हे मलाच आलंय.

५ जून

धाकटीचा फोन. माझी सख्खी बहीण, वडिलांच्या घरातला हिस्सा दादाच्या नावे सोडून गेली ती गेलीच. ना फोन, ना पत्र. नवऱ्याच्या पैशाचा माज, असं मी चारचौघांत म्हणत आले.

आज म्हणाली, “ताई, काल टीव्हीवर माझं पत्र दाखवलं.”

६ जून

गेले तिच्याकडे. म्हातारी झालीये. चहा ठेवला, पण बस म्हणाली नाही. डब्यातून कागद काढून पुढ्यात टाकला. तेच पत्र! शिरोरेघ पट्टीने ओढलेली.

हे मी लिहिलं, पण तुला नाही, असं किती वेळा म्हटलं देव जाणे. ऐकताना बोलण्यातला मूर्खपणा मलाच कळत होता. मग विचारलं, तेव्हाच येऊन माझ्या झिंज्या धरून का नाही जाब विचारलास?

“अक्षर तुझं होतं. मग विचारायचं काय राहिलं?”

तिची ‘ती गोष्ट’ कोणती ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एकेचाळीस वर्षं ती मला चोर समजत होती आणि मी तिला घमेंडखोर!

७ जून

आठवलं. प्रती सहा होत्या. नटी दर वेळी पत्र फाडणार, म्हणून प्रत्येक टेकला नवं पत्र. चौथ्या टेकला दिग्दर्शक खूश. उरलेली दोन मिळेनात, म्हणून सामानवाले काका मला सगळ्यांदेखत टाकून बोलले होते.

त्या दिवशी माझा विसरलेला चष्मा द्यायला दादा आला होता. शूटिंग बघायचं म्हणून दिवसभर बसला. माझ्या टेबलापाशी.

नाही. दादा नाही. नवरा गेल्यावर वरच्या या दोन खोल्या मला कुणी दिल्या? त्यानेच. त्याचे गोडवे गाऊन माझी जीभ झिजली!

८ जून

खाली गेले. दादा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. “काय मदर, आज प्रवचन आमच्यावर?” कॉन्व्हेंटमुळे लहानपणापासून मला मदरच म्हणतो. मी धाकटीकडून आणलेलं पत्र कोड्यावर ठेवलं.

नाकारेल, असं वाटलं होतं. त्याने पेन्सिल खाली ठेवली, एवढंच. तिची कसली गोष्ट तुला ठाऊक होती, म्हणून मी ओरडले.

“काहीच नाही. प्रत्येकाची एखादी असतेच की.”

अंधारात दगड मारला याने, आणि तो नेमका तिच्या वर्मी लागला! उद्याच वकिलाकडे जाते म्हटलं. तिचा हिस्सा तिला मिळेल, आणि तोवर ती माझ्याकडे वर राहील. यावर तो शांतपणे म्हणाला, तू राहतेस त्या खोल्या कुणाच्या वाट्याच्या, कधी विचार केलायस?

९ जून

या टेबलाशी बसवत नाही. हीच धाकटीची खिडकी, या खोल्या तिच्याच वाट्याच्या.

१० जून

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात सहावी प्रत. पिवळी पडलेली, घड्या फाटलेल्या. माझंच अक्षर, माझ्यावर!

हसायला हवं होतं. याला काही म्हणजे काही ठाऊक नाही, हे मला पक्कं ठाऊक. तरी वकिलाचा नंबर लिहिलेला कागद मी चुरगाळला. माझीही एक ‘ती गोष्ट’ आहे. नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

तासाभराने धाकटीला फोन लावला. आधी ती गोष्ट सांगितली. सगळी. मग म्हटलं, सामान घेऊन ये.