घरगाडीचं कर्ज आणि दुमडतं टेबल

माझ्या विसराळू धाकटीला थोरलीचे आशीर्वाद. मागच्या पत्रातही पाठवले होते, पण ते तू चष्म्याबरोबर कुठेतरी ठेवून विसरली असशील, म्हणून पुन्हा पाठवते. (चष्मा आधी डोक्यावर चाचपून बघ.) मी तुझी मोठी बहीण. आठवतेय ना? डाव्या बाजूला दात नसलेली. तुझे गुडघे कसे आहेत? झोप लागते का? ती शेजारीण अजून भिंतीपलीकडून बोलते, की तिचा घसा बसला म्हणून तू सुखात आहेस? आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत असते, म्हणून तसं लिहून घेतलंय. अक्षर सुनेचं, शब्द माझे. मधेच काही शहाणपणाचं आलं तर ते तिने घुसडलंय असं समज.

तर बातमी अशी की माझा मुलगा निवृत्त होतोय आणि त्याला घरगाडी घ्यायचीय. आयुष्यभर बस चालवून लोकांना त्यांच्या त्यांच्या गावाला पोचवलं, आता स्वतःला कुठेतरी पोचवावं म्हणतो. ठीक आहे, माणसाला हौस असावी. आम्ही दुकानात जाऊन गाडी पाहूनही आलो. बाहेरून पाव विकायची गाडी वाटते, पण आत गेलं की ओटा आहे, ओट्याखाली गॅस आहे, पडदे आहेत आणि कपाट वाटावं असा संडास आहे (मी कपाट समजून त्यात पिशवी ठेवली होती). मागे दोघांचा पलंग. आणि जेवायचं टेबल दुमडून खाली घेतलं की तिसऱ्या माणसाची झोपायची सोय होते. मी त्या टेबलावर तळवा दाबून पाहिलं. चांगलं घट्ट आहे. समुद्राच्या कडेकडेने दोन महिने हिंडायचं असं नवराबायकोचं ठरलंय. तिसरं माणूस कोण, हे अजून कुणी मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारणार नाही. (हे लिहिताना सुनेचा हात जरा थांबला. लिही बाई, लिही.)

मुलाची पुंजी अर्ध्या गाडीपुरती होती. उरलेल्या अर्ध्यासाठी बँकेत गेलो. तिथे एक गळ्यात टाय घट्ट आवळलेला, घामेजलेला साहेब बसतो. त्याला मी टायवाला म्हणते, तोंडावरही. त्याच्यापुढे पहिला पेच असा पडला की ही वस्तू नेमकी काय? चाकं आहेत म्हणावं तर गाडी, संडास आहे म्हणावं तर घर. घराला व्याज कमी, गाडीला त्याहून जास्त आणि हौसेला सगळ्यात जास्त. टायवाल्याने वरच्या साहेबाला विचारलं, त्याने त्याच्या वरच्याला, आणि वरून उत्तर आलं की ही हौस आहे. मी म्हटलं, संडासाला हौस म्हणणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

मग गुणांची गोष्ट निघाली. क्रेडिट स्कोअर म्हणतात त्याला. तुला समजेल असं सांगायचं तर, माणूस घेतलेलं परत करतो की नाही याचे कुठेतरी मोठ्या कपाटात गुण ठेवलेले असतात, आणि बँक त्या कपाटाला किल्ली लावून बघते. मी खुशीत सांगितलं, बघा हो बघा, आमच्या घराण्यात कुणी कुणाकडून चमचाभर साखर उसनी आणलेली नाही. टायवाल्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, आजी, अडचण तीच आहे. कधी घेतलंच नाही, म्हणून परत दिल्याचा पुरावाच नाही. म्हणजे बघ, मी त्याला लहानपणापासून बजावलं, उधार घेऊ नकोस, आणि माझ्या त्या संस्कारांनीच पोराला नापास केलं. उद्या विचारतील, तुम्ही कधी तुरुंगातून सुटला नाहीत, मग तुम्ही सुधारलात हे आम्ही कशावरून मानायचं?

टायवाल्याने उपाय सांगितला. क्रेडिट कार्ड घ्या, थोडं थोडं वापरा, तारखेच्या आत फेडा, कार्डाच्या मर्यादेच्या जवळ जाऊ नका, वर्षभर धीर धरा. मुलाने तसं केलं. कार्डावर फक्त साबण आणायचा. आमच्या घरात त्या वर्षी एवढा साबण झाला की आम्ही सगळे बुळबुळीत झालो. पण गुण चढले. टायवाल्याने स्वतः फोन करून सांगितलं, आता अर्ज करा.

इथे मी मधे पडले. (सून म्हणते, आई, हे लिहायलाच हवं का? हवं.) तुला माझा स्वभाव माहीत आहे. फुलकोबीचा गड्डा घ्यायचा तरी मी अख्खा बाजार पालथा घालते. मग एवढं मोठं कर्ज पहिल्याच दुकानात घ्यायचं? मी मुलाला हाताला धरून एकेक बँक हिंडवली. प्रत्येक ठिकाणी मी व्याजाचा भाव विचारायची, तो कमी करा म्हणायची, मग ते म्हणायचे, आधी अर्ज भरा, इथे सही करा, तुमचे गुण बघू द्या. मुलगा सही करायचा. मी उठायची, दारापर्यंत जायची आणि मागे बघायची, कुणी हाक मारतंय का म्हणून. एकाही बँकेने हाक मारली नाही. या धंद्यात काही दम नाही बघ.

शेवटी परत टायवाल्याकडे आलो, तर त्याने कपाट उघडलं आणि डोक्याला हात लावला. गुण गडगडले होते. म्हणजे असं आहे की दर अर्जागणिक बँक कपाट उघडते, आणि आत लिहून ठेवते की हा माणूस पैसे मागायला आला होता. इतक्या दारांत मागत हिंडलेला माणूस म्हणजे त्याच्या अगदी गळ्याशी आलेलं असणार, असं सगळ्या बँका धरून चालतात. आता बोल! भाव केला म्हणून कुठल्या भाजीवालीने आजवर माझी पत कमी केली होती का? उलट त्या मला बघितल्याबरोबर वजनावर एक वांगं जास्तीचं टाकतात.

आता सहा महिने कुणाकडे काही मागू नका, असं टायवाल्याने निक्षून सांगितलं. मुलगा घरी येऊन खुर्चीत बसला आणि उरलेल्या साबणाच्या वड्या मोजत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी मनाशी ठरवलं, आता भाव म्हणून विचारायचा नाही. कुठे काय मोजलं जातं, कुणी सांगावं? बाजारात जायची, बोट दाखवायची, मागतील तेवढे द्यायची. भाजीवालीला वाटलं माझं काही खरं नाही. तिने शेजारच्या कांदेवाल्याला डोळ्यांनी खुणावलं आणि मला बसायला स्टूल दिलं. सहा महिन्यांनी मुलाचे गुण पुन्हा चढले, पण थोडे कमीच पडले.

मग एके दिवशी टायवाला सहज म्हणाला, सूनबाईंचेही बघू. सून म्हणाली, बघा की. बघितले, तर काय! आमच्या घरात वर्गात पहिली आलेली मुलगी इतकी वर्षं कोपऱ्यात बसून शिवणकाम करत होती. शिलाई मशीन हप्त्यावर घेतलेलं, फेडलेलं. फ्रिज हप्त्यावर, फेडलेला. मी तो तिच्या माहेरचा समजून इतकी वर्षं आल्यागेल्याला नावं ठेवून दाखवत होते. हप्ता कधी चुकला नाही आणि घरात कुणाला कळलंही नाही. आता दोघांच्या नावावर कर्ज मिळतंय. आज टायवाला घर तपासायला यायचाय, आम्ही खरंच इथे राहतो का ते बघायला. तो हो म्हणाला की गाडी दारात.

तर रविवारी तुला मुलाचा फोन येईल, दोन महिने आईला तुझ्याकडे ठेवून घेशील का असं विचारायला. (मला कुणी सांगितलं नाही. मी दाराआड होते.) मला काय, मी कुठेही आनंदात राहते. मला तुझ्याकडे यायला आवडेलच. तू हो म्हण. तब्येत जप.

तुझी थोरली.

ता. क. सून सांगते, तिचाही नमस्कार लिही. लिहिला.

ता. क. दुसरा. अक्षर बदललेलं बघून घाबरू नकोस, हा टायवाला लिहितोय. सून दूध आणायला खाली गेलीय. (तो म्हणतो, आजी, हे माझ्या कामात बसत नाही. मी म्हटलं, आमचे पंखे मोजणं बसतं, मग हेही बसवा.) मला यायला आवडेल, तू हो म्हण, असं वर शेवटी लिहिलंय ते सगळं खोटं. रविवारी तू आजारी पड. पसरणारं काहीतरी सांग, अंगावर पुरळ वगैरे. पण फार मोठं सांगू नकोस, नाहीतर तो तुला बघायला येईल आणि तुझी सेवा करायला मला तिथेच ठेवून जाईल. तुझ्याकडे माझी सोय होत नाही म्हटलं की गाडीतलं ते टेबल माझंच. तपासणीच्या कागदावर 'आजी सोबत असल्यास हप्ते बुडण्याचा संभव नाही' एवढं लिहा म्हणून मी याच्या मागे लागलेय. अजून नाही म्हणतोय, पण दुसरं बिस्कीट उचललंय. कर्जाला मात्र हो म्हणाला.

ता. क. तिसरा, घाईत. जिन्यावर पावलं वाजतायत. मला गाडी लागते, हे मुलाला-सुनेला माहीत नाही. बँकेत जाता-येता मी जीव मुठीत धरून बसायची. तेव्हा लिंबं पाठव, पिशवीभर, पातळ सालीची, रसाळ. सुनेने एवढी कशाला म्हणून विचारलं तर सरबताला आहेत म्हण.