कुंदाचा हिरवा

१२ जानेवारी १९८९

धुळ्याहून मेहुण्यांचं, पितांबररावांचं पत्र. कुंदाला मुंबईच्या इस्पितळातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. बस्स. खाली माझ्या धाकट्या बहिणीच्या, कुंदाच्याच हातची एक ओळ – 'अक्का, केस सगळे गेले. येशील तेव्हा हसू नकोस.'

हसू कशी गं!

१५ जानेवारी

शेजारच्या जीवरामभाऊंची मुलगी अमेरिकेहून आली आहे. मी शाळेत शिवण-चित्रकला शिकवायची हे लक्षात ठेवून तिने माझ्यासाठी एक डबा आणला – कापडाच्या चिंध्यांचा! चार गड्ड्या. वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर. तिकडे म्हणे प्रत्येकीच्या कांतीचा एक ऋतू ठरवतात, आणि त्यावरून कपडे, केसांचा रंग, ओठांचा रंग, सगळं. दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसायचं, केस पांढऱ्या फडक्यात बांधायचे, आणि हनुवटीखाली एकेक चिंधी धरून बघायची. रंग चुकला की डोळ्यांखालचं काळं वर येतं. जमला की चेहरा धुतल्यासारखा होतो.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या. उत्तरेच्या खिडकीशी बसवून रेशमाच्या लडी उजेडाच्या क्रमाने लावायला सांगायच्या. दोन वर्षं बक्षीस मला. कुंदा तेव्हा केवढीशी! सुट्टीत घरी गेले की माझ्या लडी विस्कटून टाकायची.

चार ऋतू त्यांच्याकडे. जळगावात दोनच – ऊन आणि लग्नसराई.

१८ जानेवारी

आळीतल्या बायकांना खिडकीशी बसवलं. लताबाई – शरद, म्हणजे सोनेरी कांती. सुमनबाई – शरद. दूध घालणारीची सून – तीही शरदच! जीवरामभाऊंची मुलगी हसायला लागली. "मावशी, तुम्हाला सगळ्याच कशा सोनेरी दिसतात?" म्हटलं, खानदेशचं ऊन मुरलंय बाई अंगात.

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्हीकडे मोतीबिंदू, पण अजून पिकला नाही. पावसाळ्यानंतर एक काढू म्हणाले. पेपर नाकाशी धरावा लागतो, एवढंच. त्याची घाई नाही.

२६ जानेवारी, धुळे

कालच्या एस.टी.ने आले. डबा घेऊन.

कुंदा किती लहान झाली आहे. पन्नाशीची बाई, आणि पलंगावर शाळेतल्या मुलीएवढी दिसते. तरी हात थांबत नाहीत – नातवाच्या झबल्याला टाके घालत होती. सुईत दोरा पहिल्या फटक्यात! मी बाजूला बसून हेवा केला. "अक्का, तुझी सुई इकडे दे, नाहीतर संध्याकाळ होईल," म्हणाली.

२७ जानेवारी, धुळे

सकाळी खिडकीशी बसवलं. केस बांधायला फडकं लागलं नाही. दोघींच्याही ते एकदमच लक्षात आलं. कुंदाच आधी हसली.

आरसा तिच्या हातात, चिंध्या माझ्या. पण निवडलं तिनेच. मी म्हणायची, हा बरा. ती मान हलवायची – नाही, बघ ना, यात मी मेल्यासारखी दिसते. मग दुसरा. गुलाबी गेला, जांभळा गेला, निळे सगळे गेले. विटकरी धरला तेव्हा थांबली. मग हळदीचा पिवळा. मग शरदातलाच हिरवा – मेंदीचा, वाळत आलेल्या पानासारखा. कितीतरी वेळ आरशात बघत राहिली. "अक्का, हिरवा मला शोभतो हे मला कुणी सांगितलंच नाही."

तिच्या लग्नातला शालू मोरपंखी होता. सासरहून आलेला, निळसर हिरवा. पितांबररावांच्या आत्या – धुरपदाबाई – भर मांडवात म्हणाल्या होत्या, "नवरी आजारी शे का? तोंड निळं दिसस!" सगळा मांडव हसला. तेहेतीस वर्षं कुंदाने हिरवं नेसायचं टाळलं. डोहाळजेवणालासुद्धा पिवळं नेसली, त्यावरून बोलणी खाल्ली.

कुंकूही बदललं आज. मरून टिकली काढून शेंदरी छटेचं लावलं. केस परत आले तर काळा कलप नाही, मेंदीच लावायची असं ठरलं. परत आले तर.

२८ जानेवारी, धुळे

निघताना तिने हात धरला. पितांबरराव बाहेर रिक्षा बघत होते.

"अक्का, सवाष्ण गेली की हिरवं नेसवतात. आणि ते माहेरून येतं."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

"माहेर म्हणजे तू एकटी. तू मागाहून आणशील, मला काय दिसणार? आत्ताच आण. मला बघू दे. त्या दिवशी तरी कुणी म्हणायला नको, तोंड निळं दिसस म्हणून."

एस.टी. पारोळ्याला थांबली तेव्हा कळलं की मी पिशवीतली चिंधी मुठीत धरून बसले आहे.

३ फेब्रुवारी

चार दुकानं झाली. कुठेच नाही. कुणी पोपटी काढतो, कुणी बाटलीचा हिरवा.

वडील गेले तेव्हा मला सिस्टरांनी बोर्डिंगात ठेवून घेतलं, मॅट्रिक केलं. कुंदाला सतराव्या वर्षी उजवून टाकलं. लग्नाचा शालू कुठला हेही तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी मोठी होते, मला रंगांतलं कळत होतं, मी तिथेच उभी होते.

हा हिरवा मी चुकणार नाही.

८ फेब्रुवारी

मिळाला! फुले मार्केटच्या मागे रतिलाल शेठच्या दुकानात, शेवटच्या गठ्ठ्यात. मऊ रेशमी, बारीक काठ. चिंधी लावून पाहिली – एकजीव! दुकानात ट्यूबलाइट, म्हणून पायरीवर उन्हात नेऊन पाहिली. एकजीव. रतिलाल शेठ मागे येऊन उभे. "मेंदी म्हणता ना बाई तुम्ही? मग हा…" मी म्हटलं, शेठ, रंग मला शिकवू नका, आयुष्य गेलं त्यात. त्यांनी घडी घालून दिली. थोडं तोडून बोलले का मी? पुढच्या खेपेला बरं बोलेन.

११ फेब्रुवारी, धुळे

कुंदाने साडी मांडीवर घेतली. उलगडली. मग पदर हनुवटीखाली धरला आणि आरसा मागितला. खूप वेळ बघत होती. पितांबरराव दारात होते, "अहो पण हा तर" असं काही म्हणायला लागले, तर म्हणाली, "मला पाणी आणा आधी." ते गेले.

मग माझ्याकडे वळली. माझा चष्मा काढला, पदराने पुसला, परत डोळ्यांवर ठेवला – आई पुसायची तसा.

"अगदी माझा रंग, अक्का. उन्हात हिंडलीस ना गं यासाठी?"

मी रडले. तिने रडू दिलं.

ब्लाउजचा तुकडा आठवण म्हणून मला हवा होता. ती म्हणाली, कशाला, राहू दे, सगळंच माझ्याबरोबर जाऊ दे. मी ऐकलं नाही. तिच्याच कात्रीने कापून घेतला. डब्यात शरदाच्या गड्डीत ठेवला आहे.

६ मार्च, धुळे

आता ती माझ्याशी कॉन्व्हेंटाबद्दलच बोलते. उत्तरेची खिडकी कशी होती, लडी किती होत्या. मी सांगते, ती डोळे मिटून ऐकते. आज एक झबलं पुरं केलं. गाठ मारून दोरा दातांनी तोडला, आणि दुसरं मागितलं.

१२ मार्च, धुळे

सकाळी साडेसातला कुंदा गेली.

१४ मार्च, धुळे

लिहायला हवं. नाहीतर हेही जाईल.

आंघोळ मी घातली. हिरव्या बांगड्या, हळद, मळवट. बायका म्हणत होत्या, भाग्याची गं, नवऱ्याच्या आधी गेली. मला वाटलं एकेकीला बाहेर काढावं.

साडी मी नेसवली. निऱ्या धुरपदाबाईंनी धरल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, हात थरथरतात. पदर छातीवर आणला तेव्हा त्या म्हणाल्या, "हाऊ रंग?" आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मेंदी. तिने स्वतः आरशात बघून निवडला. त्यांनी कुंदाकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. निऱ्यांवरून हात फिरवत राहिल्या. कुंदाशी एवढं हळुवार वागताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

पितांबररावांनी तोंड फिरवलं.

मला मात्र समाधान होतं. मोठं पाप लिहिते आहे, पण होतं. एकदा तरी तिला तिचा रंग मिळाला.

३० मार्च

काही नाही. ऊन.

२ जुलै

कुंदाची सून आली होती. बाळाला शेवटचं झबलं घालून आणलं. टाके मोजता येतील इतके सारखे. मी फक्त बोटांनी चाचपले.

डबा उघडावासा वाटत नाही. लताबाई विचारते, सुमनबाईच्या मुलीचा ऋतू बघाल का? म्हटलं, डोळे झाले की.

१६ ऑक्टोबर

काल उजवा डोळा झाला. हिरव्या कापडाची पट्टी. हे लताबाई लिहिते आहे, मी सांगते तसं. पडून राहायचं, वाकायचं नाही, रडायचं नाही.

२४ ऑक्टोबर

पट्टी निघाली. मोठ्या अक्षरांत लिहिते आहे, जुन्याच डोळ्याने. नव्याला जाड चष्मा मिळेपर्यंत अक्षर लागायचं नाही. पण रंग! आकाश इतकं निळं असतं हे मी विसरले होते. समोरची भिंत मी पिवळी समजत होते, ती पांढरी आहे. लताबाई शरद नाही. कुणीच नाही.

डबा काढला. मेंदीची चिंधी आणि कुंदाच्या साडीचा तुकडा उंबऱ्यावर शेजारी ठेवले. नवा डोळा झाकला – एकजीव. जुना झाकला – चिंधी मेंदीची. तुकडा मोरपंखी. पुन्हा झाकून पाहिलं. पुन्हा.

शालूचाच रंग.

कुंदा शेवटच्या आठवड्यातही सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवत होती.